रोजगार बाजाराची माहिती वापरून काम कसं शोधावं

नोकरी शोधणाऱ्याला सल्ल्यांची वाण नसते. "सध्या डेटाला स्कोप आहे", "त्या लाइनमध्ये आता काही राहिलं नाही", "हा कोर्स कर, लगेच लागशील". सांगणारे आपुलकीनंच सांगतात. पण हे कशावरून, असं विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा "सगळेच म्हणतात" एवढंच येतं.

किती लोक कोणतं काम करतात, कोणत्या भागात करतात, त्यांना किती पगार मिळतो, कुठल्या जागा रिकाम्या राहतात, पुढच्या काही वर्षांत काय वाढेल असं वाटतं, ही माहिती बहुतेक देशांच्या सांख्यिकी यंत्रणा गोळा करतात आणि तिचा मोठा भाग फुकट बघायला मिळतो. अडचण एवढीच की ती धोरण आखणाऱ्यांच्या भाषेत लिहिलेली असते. पहिल्यांदा उघडणारा माणूस दोन तक्ते बघतो आणि पान बंद करतो.

गोदामातल्या साठ्याच्या नोंदी ठेवायच्या कामातून मी पुरवठा नियोजनाकडे वळले, तेव्हा ही माहिती वाचायला शिकले. कुठून सुरुवात करायची आणि कशामागे काय बघायचं, हे तेव्हा कुणी सांगायला नव्हतं. म्हणून तो क्रम इथे मांडते आहे. यातली मुख्य गोष्ट आधीच सांगते: आकड्यांवरून कुणाला काय विचारायचं ते ठरवा, आणि माणसांना विचारून आकडे तपासा. दोन्ही करा. नुसत्या आकड्यांवर विसंबणारा आणि नुसत्या ओळखीवर विसंबणारा, दोघंही फसतात.

सुरुवातीला जवळ काय हवं

- एक वही किंवा स्प्रेडशीट.
- आतापर्यंत केलेल्या कामांची यादी. हुद्दे लिहू नका, प्रत्यक्ष कामं लिहा: "दर आठवड्याला साठा मोजून नोंदीशी ताळा घालणे", "पुरवठादाराला उशिराबद्दल फोन करणे" अशा ओळी. ही यादी पुढे तीन ठिकाणी लागते.
- शिक्षणाची प्रमाणपत्रं, परवाने, आणि त्यांची मुदत कधी संपते ते.
- महिन्याला किमान किती पैसे लागतात आणि पगाराशिवाय किती महिने निघतील, हे दोन आकडे. घरच्यांशी बोलून लिहा.
- कुठल्या भागात राहायला जाऊ शकता आणि कुठे अजिबात नाही, याची यादी.

शेवटच्या दोन गोष्टी लोक टाळतात, आणि नंतर चांगली संधी समोर असताना त्यावरच अडतात.

## १. तुमचा प्रश्न किती लांबचा आहे ते ठरवा

काम शोधणाऱ्यांचे प्रश्न ढोबळमानानं तीन प्रकारचे असतात. पहिला, मला येत्या काही आठवड्यांत काम हवंय. दुसरा, मला वर्ष-दोन वर्षांत कामाचा प्रकार बदलायचाय. तिसरा, मी (किंवा माझी मुलगी) आता काय शिकावं, म्हणजे चार-पाच वर्षांनी बाहेर पडल्यावर काम मिळेल?

तिन्हींना लागणारी माहिती वेगळी असते. आत्ताच्या कामासाठी आजच्या रिकाम्या जागा आणि कोण भरती करतंय ते बघायचं. मधल्या टप्प्यासाठी पगार, कौशल्यं आणि त्या कामातून लोक किती वेगानं बाहेर पडतात ते बघायचं. लांबच्या निर्णयासाठी पाच-दहा वर्षांचे अंदाज बघायचे, तेही सांभाळून.

इथे फसायला होतं ते असं: आजच्या जाहिराती बघून चार वर्षांचा अभ्यासक्रम निवडला जातो. हार्वर्डमधले अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६ साली अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या बाबतीत हेच दाखवून दिलं. पगार चढे असले की विद्यार्थी त्या शाखेकडे धावतात, चार वर्षांनी सगळे एकदम बाहेर पडतात, सुरुवातीचे पगार घसरतात, मग प्रवेश कमी होतात आणि काही वर्षांनी पुन्हा तुटवडा पडतो. म्हणून शिक्षण निवडताना आजच्या मागणीबरोबर आज त्या शाखेत प्रवेश किती झालेत तेही बघा. तुम्ही बाहेर पडाल तेव्हा रांगेत तुमच्याबरोबर तेच उभे असतील.

## २. कामाचं अधिकृत नाव आणि कोड शोधा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण ती चुकली तर पुढचं सगळं चुकतं. आकडेवारी हुद्द्यांप्रमाणे जमवली जात नाही, ती व्यवसायांच्या ठरलेल्या वर्गीकरणाप्रमाणे जमवली जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं 'इस्को-०८' हे वर्गीकरण बऱ्याच देशांचा पाया आहे. त्यात १० मुख्य गट आहेत, ते फुटत फुटत शेवटी ४३६ लहान गटांपर्यंत जातात. प्रत्येक गटाला चार अंकी कोड आहे.

माझ्या जुन्या कामाचा कोड ४३२१. तो डावीकडून वाचायचा. ४ म्हणजे कार्यालयीन सहायक कामं. ४३ म्हणजे त्यातली आकडे आणि मालाच्या नोंदी ठेवणारी. ४३२ म्हणजे माल आणि वाहतुकीच्या नोंदींची. ४३२१ म्हणजे साठ्याचे कारकून. याच्या आसपासचे कोड वाचले की वाटा दिसायला लागतात: ४३२२ उत्पादनाच्या वेळापत्रकाच्या नोंदी ठेवणारे, ३३२३ खरेदीचं काम बघणारे, १३२४ पुरवठा आणि वितरणाचे व्यवस्थापक. पहिला अंक कामाच्या पातळीबद्दल बरंच सांगतो. ४ वरून ३ वर जायचं म्हणजे बहुतेक वेळा जास्तीचं शिक्षण किंवा सिद्ध केलेला अनुभव लागतो, हे त्यातून कळतं.

देशांची स्वतःची वर्गीकरणं असतात. भारतात 'राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५' आहे. ते इस्को-०८ वरच बेतलेलं आहे आणि त्याचे कोड आठ अंकी आहेत. कॅनडाचं २०२१ चं वर्गीकरण पाच अंकी आहे. अमेरिकेचं स्वतंत्र आहे, त्याची २०१८ ची आवृत्ती वापरात आहे. युरोपीय संघाच्या 'एस्को'मध्ये जवळपास ३,००० व्यवसाय आणि १३,००० हून अधिक कौशल्यं एकमेकांना जोडून ठेवली आहेत. ज्या देशात काम करायचंय तिथला कोड शोधा.

कोड शोधताना हुद्द्यावर जाऊ नका, वर्णन वाचा. 'एक्झिक्युटिव्ह', 'असोसिएट', 'मॅनेजर' हे शब्द एका कंपनीत एक अर्थ देतात, दुसरीत दुसरा. वर्गीकरणात प्रत्येक कोडखाली कामांची यादी असते. तुमच्या यादीतल्या निम्म्याहून जास्त ओळी जिथे जुळतील तो तुमचा कोड. दोन ठिकाणी जुळल्या तर दोन्ही लिहून ठेवा.

आणखी एक फरक पक्का लक्षात ठेवा: व्यवसाय वेगळा, उद्योग वेगळा. रुग्णालयात काम करणारा लेखापाल व्यवसायानं लेखापाल आहे, उद्योगानं आरोग्यसेवेत आहे. "बांधकाम क्षेत्रात मंदी" अशी बातमी आली तर ती उद्योगाची बातमी असते. त्या उद्योगातला गवंडी आणि त्याच उद्योगातला लेखापाल यांच्यावर तिचा परिणाम सारखा होत नाही. लेखापालाला दुसऱ्या उद्योगात जाता येतं.

## ३. बेरोजगारीचा दर: एवढं समजलं तरी पुरे

बातम्यांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा हा आकडा वैयक्तिक निर्णयासाठी सगळ्यात कमी कामाचा. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे ज्याच्याकडे काम नाही, जो काम शोधतोय आणि जो लगेच काम करायला तयार आहे तोच बेरोजगार. ठरलेल्या आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. शोधून थकलेल्यानं शोधणं सोडलं की तो बेरोजगारांच्या संख्येतून बाहेर पडतो, म्हणजे त्याचं नशीब न बदलताही दर खाली येतो. म्हणून या दराशेजारी कामात किंवा कामाच्या शोधात असलेल्यांचं लोकसंख्येशी प्रमाण, म्हणजे श्रमसहभाग दर, नेहमी बघा.

एकाच देशात एकाच काळाचे दोन दरही असू शकतात. भारताच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात मागच्या ३६५ दिवसांवरून काढलेला एक दर असतो आणि मागच्या ७ दिवसांवरून काढलेला दुसरा. हे सर्वेक्षण २०१७ पासून चालू आहे आणि २०२५ पासून त्याचे मासिक आकडेही येतात. दोन बातम्यांमधले दोन दर जुळले नाहीत तर कुणी खोटं बोलतंय असं लगेच समजू नका, व्याख्या बघा. आणि तुलना करायचीच झाली तर मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. शेती, पर्यटन, परीक्षा, सणासुदीची खरेदी, सगळ्यांचे हंगाम या आकड्यांत उतरतात.

## ४. पगाराचे आकडे वाचताना

सरासरी सोडा, मध्यक शोधा. पाच जणांचे पगार २०, २२, २४, २६ आणि १०८ असे धरा. सरासरी येते ४०. पाचातल्या चौघांना त्याच्या जवळपासही मिळत नाही. मध्यक, म्हणजे ओळीनं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, २४. तुम्हाला काय मिळू शकतं याची कल्पना या २४ वरून येते.

चांगल्या तक्त्यांत याहून जास्त असतं: तळातल्या १० टक्क्यांना जास्तीत जास्त किती मिळतं, २५ टक्क्यांना किती, आणि वरच्या टोकाला ९० टक्क्यांच्या रेषेवर किती. नव्यानं त्या कामात शिरणाऱ्यानं १० आणि २५ च्या रेषेमधला पगार आपला धरून हिशेब मांडावा. तो तुम्ही सुरुवातीला लिहिलेल्या किमान गरजेच्या खाली जात असेल, तर ही वाट चालायला किती महिन्यांची शिल्लक लागेल ते आत्ताच कळतं. ५० ची रेषा (म्हणजेच मध्यक) आणि ९० ची रेषा यांच्यातलं अंतर बघायलाही विसरू नका. ते मोठं असेल तर त्या कामात अनुभवाला किंमत आहे. अंतर अगदी कमी असेल तर दहा वर्षांनीही पगार फारसा हलणार नाही, मग पुढच्या पायरीचा कोड आत्ताच शोधून ठेवा.

पगाराचा आकडा कापून हातात येणारा आहे की आधीचा, त्यात ओव्हरटाइम आणि बोनस धरलाय का, कंत्राटी कामगार मोजलेत का, हे तक्त्याखालच्या बारीक अक्षरांत असतं. तेवढं वाचाच. कर्मचाऱ्यांनी स्वतः भरलेल्या पगाराच्या वेबसाइटही उपयोगी पडतात, पण तिथे कोण भरतं आणि कोण भरत नाही याचा भरवसा नसतो. सरकारी मध्यक आणि तिथला आकडा यांच्यात फार फरक दिसला तर मी सरकारी आकडा धरते.

## ५. वाढीचा वेग बघू नका, जागा मोजा

सगळ्यात जास्त माणसं इथे चुकतात आणि सगळ्यात जास्त कोर्स इथेच विकले जातात, म्हणून या पायरीवर थोडं थांबू.

अमेरिकेचं श्रम सांख्यिकी खातं पुढच्या दहा वर्षांचे अंदाज देतं. २०२३ ते २०३३ च्या अंदाजात पवनचक्क्यांची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांची वाढ ६० टक्के धरली होती, सगळ्यात वेगवान वाढींपैकी एक. घरी जाऊन आजारी आणि वृद्ध माणसांची काळजी घेणाऱ्या सेवकांची वाढ होती २१ टक्के. बातमी अर्थात ६० टक्क्यांची होते. आता जागा बघा: पवनचक्कीच्या कामात दहा वर्षांत वाढणाऱ्या जागा सुमारे ६,८००, तर घरगुती काळजीच्या कामात सुमारे ८,२०,०००. पहिला व्यवसाय लहान आहे, म्हणून थोड्या जागांनीही टक्केवारी उसळते.

घरगुती काळजीचं काम निवडा, असं मी यातून म्हणत नाही. त्यात पगार कमी आणि श्रम जास्त आहेत, म्हणूनही लोक ते सोडतात. टक्केवारी दिसली की तिच्यामागची संख्या मागायची, एवढंच हाताला लागलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट वाढीच्या आकड्यात दिसतच नाही. कुणी निवृत्त होतं, कुणी दुसऱ्या कामाकडे वळतं, कुणी घरच्या कारणानं थांबतं. त्यांच्या जागा भराव्या लागतात. मोठ्या, जुन्या, कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या व्यवसायांत बहुतेक जागा अशाच निघतात. एक लाख लोकांचा व्यवसाय धरा. तो वर्षाला १ टक्क्यानं वाढला तर नव्या जागा १,००० झाल्या. त्यातून वर्षाला ८ टक्के लोक बाहेर पडत असतील तर भरायच्या जागा ८,०००. हाच व्यवसाय वर्षाला १ टक्क्यानं आक्रसत असेल तरीही ७,००० माणसं लागणारच. "या लाइनमध्ये काही राहिलं नाही" असं ज्यांच्याबद्दल म्हणतात, त्यातले बरेच व्यवसाय या प्रकारात मोडतात. म्हणून तक्त्यात 'वार्षिक जागा' किंवा 'वाढ आणि बदली मिळून एकूण जागा' असा रकाना शोधा. तो नसेल तर त्या कामात वयस्क लोकांचं प्रमाण किती ते शोधा, त्यावरून अंदाज येतो.

मात्र बाहेर पडणाऱ्यांचं प्रमाण फारच मोठं दिसलं तर लोक का सोडतात ते आठव्या पायरीवर माणसांना विचारा. पाळ्या, पगार, वागणूक, अपघात, काहीतरी असतंच.

अंदाजांवर किती भरवसा ठेवायचा? एक उदाहरण पुरेल. २०१३ साली ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्यांना यंत्रांमुळे मोठा धोका आहे असं मांडलं. २०१६ साली 'ओईसीडी' या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात २१ देशांचं सरासरी प्रमाण ९ टक्के निघालं. एवढा फरक पडला, कारण पहिल्यांनी अख्खा व्यवसाय जाईल की राहील असं बघितलं, तर दुसऱ्यांनी त्या व्यवसायातली माणसं प्रत्यक्षात कोणकोणती कामं करतात ते बघितलं. तुमच्यासाठी यात कामाची गोष्ट आहे. तुमच्या कामांची यादी पुन्हा काढा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा: हे यंत्र करू शकेल का? माझ्या यादीत साठ्याची नोंद करणं त्यात सहज गेलं. नोंद आणि प्रत्यक्ष साठा जुळला नाही तर कुठे चूक झाली ते शोधून काढणं राहिलं. मी ज्या बाजूला सरकले ती त्या दुसऱ्या ओळीच्या बाजूला.

अंदाज किती वर्षांचा आहे तेही बघा. कॅनडाच्या 'जॉब बँक'वर प्रत्येक व्यवसायासाठी भागवार तीन वर्षांचा अंदाज असतो, अमेरिकेचा दहा वर्षांचा. वर्ष-दोन वर्षांत कामाचा प्रकार बदलायचा असेल तर तीन वर्षांचा उपयोगी, आता काय शिकावं ते ठरवायचं असेल तर दहा वर्षांचा. लहान भागातल्या लहान व्यवसायाचा आकडा असेल तर तो थोड्या नमुन्यावरून काढलेला असतो. त्यातली दोन-चार टक्क्यांची हालचाल मनावर घेऊ नका.

## ६. जाहिराती जमवून तक्ता करा

सरकारी आकडे मागचं सांगतात. आज काय मागितलं जातंय ते जाहिरातींतून कळतं. सरकारी पोर्टल, खासगी पोर्टल आणि कंपन्यांची स्वतःची पानं अशा तिन्ही ठिकाणांहून तुम्हाला हव्या त्या कामाच्या तीसेक जाहिराती जमवा. अर्ज करायची घाई नको, आधी वाचायचं आहे.

प्रत्येक जाहिरात एका ओळीत. रकाने असे: दिलेला हुद्दा, भाग, मागितलेला अनुभव, सक्तीची कौशल्यं, "असल्यास उत्तम" म्हटलेली कौशल्यं, सॉफ्टवेअरची नावं, पगार दिला असल्यास तो, आणि जाहिरातीची तारीख. ओळी भरल्या की प्रत्येक कौशल्य किती ओळींत आलं ते मोजा.

माझ्या तक्त्यात सुरुवातीला नजर गेली ती मोठ्या नावाच्या सॉफ्टवेअरवर आणि त्याच्या महागड्या प्रमाणपत्रावर. मोजल्यावर चित्र वेगळं निघालं. सॉफ्टवेअरची नावं जाहिरातीगणिक बदलत होती आणि बऱ्याचदा "असल्यास उत्तम"च्या रकान्यात होती. सक्तीच्या रकान्यात सारखं सारखं येत होतं ते स्प्रेडशीटवर मागणीचा अंदाज काढणं आणि पुरवठादारांशी तारखांवरून बोलणं. दुसरं मी वर्षानुवर्षं करत होते, फक्त रेझ्युमेमध्ये कुठेच लिहिलं नव्हतं. त्या तक्त्यानं कोर्सचा खर्च वाचवला आणि रेझ्युमेची पहिली ओळ दिली.

जाहिराती वाचताना या गोष्टींवर लक्ष ठेवा:

- एकच जागा अनेकदा. कंपनी, तिची भरती एजन्सी आणि दोन पोर्टल मिळून एका जागेच्या चार जाहिराती होतात. मजकूर सारखा दिसला तर एकदाच मोजा.
- महिनोन्महिने तीच जाहिरात. एक तर माणूस टिकत नाही, किंवा भरती खरी नाहीच, नुसते रेझ्युमे जमवले जाताहेत. तारखेचा रकाना यासाठीच.
- न दिसणाऱ्या जागा. कारागिरी, लहान दुकानं, छोटे कारखाने, घरकाम यांतली बरीचशी भरती पोर्टलवर येतच नाही. तुमचं काम त्या प्रकारचं असेल तर जाहिरातींच्या संख्येवरून मागणी ठरवू नका.
- अनुभवाची अट. "३ ते ५ वर्षं" असं लिहिलेल्या जाहिराती सगळ्याच असतील, तर थेट शिरायची वाट अरुंद आहे. आधी शेजारच्या कोडमध्ये शिरायचा विचार करा.
- पैसे मागणारी जाहिरात. नोंदणी, गणवेश, लॅपटॉप, प्रशिक्षण, कारण काहीही सांगोत, नोकरी देण्यासाठी आधी पैसे मागितले की ती वाट सोडा. ओळखपत्रांच्या प्रती आणि बँकेचे तपशील मुलाखतीआधी कुणालाही पाठवू नका.

## ७. काय कमी पडतंय ते ठरवा, मगच कोर्स

तक्त्यातली जास्त वेळा आलेली कौशल्यं एका बाजूला, तुमच्या कामांची यादी दुसऱ्या बाजूला. तीन खुणा करा: येतं आणि दाखवता येतं, येतं पण पुरावा नाही, येत नाही. मधल्या गटावर आधी काम करा, तिथे कमी खर्चात जास्त मिळतं. पुराव्यासाठी कधी एखादा छोटा नमुना पुरतो, कधी जुन्या वरिष्ठांचं पत्र, कधी एक परीक्षा. कौशल्याला नाव काय द्यायचं ते सुचत नसेल तर अमेरिकेचं 'ओ-नेट' आणि युरोपचं 'एस्को' उघडा. प्रत्येक व्यवसायाखाली कामं आणि कौशल्यं सविस्तर लिहिलेली आहेत. भारतात कौशल्य परिषदांनी तयार केलेले व्यवसाय मानकांचे दस्तऐवज याच कामाचे.

कोर्सची फी भरण्याआधी संस्थेला विचारा: मागच्या तुकडीतले किती जण नेमक्या याच कामात लागले? किती महिन्यांत? "प्लेसमेंट" मध्ये कंत्राटी आणि बिनपगारी उमेदवारी मोजली आहे का? सोडून गेलेले विद्यार्थी एकूण संख्येत धरलेत का? उत्तर लेखी मिळत नसेल तर फी थांबवा.

परवाना लागणारे व्यवसाय (नर्सिंग, वीजकाम, शिक्षकी, वकिली यांसारखे) निवडताना त्या देशाच्या किंवा राज्याच्या परवाना देणाऱ्या मंडळाचे नियम सगळ्यात आधी वाचा. मागणी कितीही असली तरी तुमची पदवी तिथे मान्य होत नसेल, तर पूरक परीक्षा आणि उमेदवारी यांत वर्ष-दोन वर्षं जाऊ शकतात. हा काळ आणि खर्च तुमच्या हिशेबात आला पाहिजे.

## ८. आकडे घेऊन माणसांकडे जा

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक शोध मांडला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, ज्यानं सांगितलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारा फक्त १७ टक्क्यांच्या आसपास होता; बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळलं होतं. कारण सरळ आहे. रोज भेटणाऱ्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. पुढे २०२२ साली लिंक्डइनच्या कोट्यवधी सदस्यांवर झालेल्या प्रयोगाच्या विश्लेषणातही नोकरी बदलायला मदत झाली ती मध्यम-कच्च्या ओळखींचीच. म्हणून जुने सहकारी, वर्गमित्र, मावसभावाचे मित्र, पुरवठादाराकडचा माणूस यांची यादी करा, आणि त्यांच्याकडे नोकरी मागू नका, माहिती मागा. निरोप असा लिहिता येईल:

*"नमस्कार सर, आपण पूर्वी एकाच कंपनीत होतो, मी गोदामाकडे होते. मला पुरवठा नियोजनात यायचं आहे. जाहिराती वाचून काही प्रश्न पडलेत, तुम्ही हे काम रोज करता म्हणून विचारावंसं वाटलं. सोयीच्या वेळी पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?"*

नोकरीचा विषय नसल्यामुळे समोरच्याला अवघडल्यासारखं होत नाही, आणि बहुतेक लोक आपल्या कामाबद्दल मोकळेपणानं बोलतात. विचारायचे प्रश्न तुमच्या तक्त्यातूनच निघाले पाहिजेत: "जाहिरातींत हे कौशल्य सारखं येतं, प्रत्यक्षात किती लागतं? सुरुवातीचा पगार मी एवढा धरलाय, बरोबर आहे का? लोक हे काम सोडून कुठे जातात? नवीन माणूस तुमच्याकडे शेवटचा कधी घेतला, आणि कुठून आला होता?" शेवटचा प्रश्न विसरू नका. भरती खरोखर कोणत्या दारानं होते ते त्यातूनच कळतं.

एकाच माणसाचं ऐकून तक्ता बदलू नका. वेगवेगळ्या कंपन्यांतल्या तीन-चार जणांनी तेच सांगितलं, तर बदला.

## ९. सगळं एका पानावर आणा

पानाच्या वर तारीख. खाली व्यवसायाचा कोड, भाग, नवख्याला मिळणारा पगार, वर्षाच्या अंदाजे जागा, सक्तीची चार-पाच कौशल्यं, त्यातली न येणारी, लागणारा वेळ आणि पैसा, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या वर्षाचा आहे ते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायाचंही असंच पान करा आणि तिन्ही शेजारी ठेवून बघा. पगार सगळ्यात जास्त असलेला पर्याय नेहमी वर येतोच असं नाही. लागणारा वेळ आणि घरची शिल्लक यांच्या रकान्यात तो बऱ्याचदा अडतो.

पानाच्या तळाशी दोन ओळी राखून ठेवा: "काय झालं तर मी ही वाट सोडेन" आणि "पुन्हा कधी बघणार". पहिल्या ओळीत मोजता येईल असंच लिहा, उदाहरणार्थ "सहा महिन्यांत एकही मुलाखत आली नाही तर शेजारच्या कोडकडे वळायचं." दुसऱ्या ओळीसाठी, काम शोधत असाल तर जाहिरातींचा तक्ता दर महिन्याला आणि पगाराचे आकडे वर्षातून एकदा तपासा. नोकरीत असाल तर सहा महिन्यांनी दहा-पंधरा नव्या जाहिराती वाचल्या तरी चालेल. जुन्या तक्त्याशेजारी त्या मांडल्या की एखादं कौशल्य "असल्यास उत्तम"मधून सक्तीच्या रकान्यात सरकलेलं दिसतं, आणि ते शिकायला तेव्हा अजून वेळ हातात असतो.